राऊळबाईंच्या विमानाला आम्ही लावलेला रंग

श्रीमती कुमुदिनी राऊळ यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी मला नापास केलं तेव्हा. घाटकोपरच्या तंत्रनिकेतनात मी फायबरग्लासचं प्रॅक्टिकल द्यायला उभा होतो. एक साधा चौकोनी पत्रा बनवायचा होता. काचेचं कापड अंथरायचं, त्यावर रेझिन, पुन्हा कापड, पुन्हा रेझिन. माझा पत्रा चांगला चकचकीत झाला होता. शर्टाच्या बाहीने आणखी पुसून मी तो बाईंपुढे ठेवला. बाईंनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि पत्र्यावरून तळहात सावकाश फिरवला. एका जागी हात थांबला. "इथे फुगलंय. आत हवा राहिलीय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मॅडम, दिसत तर नाहीये." त्यावर, "म्हणूनच डोळे मिटले ना," असं म्हणून त्यांनी पुढचा नंबर पुकारला. घरी जाऊन मी तो पत्रा करवतीने कापला. हवा होती.

त्याच बाईंच्या अमृतमहोत्सवाच्या ग्रंथात लिहायला मला सांगितलं, तेव्हा मी बरेच दिवस टाळाटाळ केली. फोन उचलले नाहीत, उचलले तेव्हा गिऱ्हाईक समोर बसल्याची थाप मारली. गौरवाचा लेख लिहिणाऱ्याची मान जरा ताठ असावी लागते, आणि माझी सध्या खाली आहे. या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरचा फोटो तुम्ही पाहिला असेल. मोरपंखी रंगाचं, आरशासारखं चकाकणारं विमान आणि त्याच्या शेजारी आमच्या बाई. पाहून तुम्ही कौतुकाने मान डोलावली असेल. त्या फोटोत काय झालंय ते सांगितल्याशिवाय मला बाईंबद्दल एक चांगला शब्दही लिहिता येणार नाही, असं मी समितीला कळवलं. समितीचे अध्यक्ष श्री. अरविंदराव सामंत म्हणाले, "लिही. पण माझं नाव गाळू नकोस." म्हणून हा लेख.

बाईंनी आयुष्यभर प्लास्टिक, रेझिन आणि फायबर शिकवलं. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत त्यांचे विद्यार्थी पसरलेले आहेत. कुणी पाण्याच्या टाक्या करतं, कुणी बसच्या सीटा, कुणी मढला कोळ्यांच्या होड्यांना फायबर चढवतं. माझा स्वतःचा जोगेश्वरीला गाळा आहे. मी सोसायट्यांच्या बागांमधल्या घसरगुंड्या बनवतो. बाई निवृत्त झाल्या तेव्हा आम्हाला वाटलं, आता बोरिवलीच्या घरी बसून आराम करतील, फार तर क्लास काढतील. महिनाभरात त्या माझ्या गाळ्यावर आल्या, मागची अर्धी जागा पावलांनी मोजली आणि म्हणाल्या, "सतीश, ही मला वापरायला देशील? विमान बांधायचंय."

मला वाटलं, शोकेसमधलं. बाई म्हणाल्या, "माणसं बसतात ते. दोन सीटचं." मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, "सगळी नोकरी तुम्हाला टाक्या, टब आणि बादल्या करायला शिकवण्यात गेली. पाणी साठवायला शिकवलं नुसतं. माझ्या हातचं काहीतरी एकदा जमिनीवरून उचललेलं बघायचंय मला." विमान स्वतः चालवायची हौस त्यांना कधीच नव्हती. घाटावरच्या एका लहान धावपट्टीवर एक निवृत्त वैमानिक आहेत, ते चाचणी घेऊन उडवायला तयार होते. बाईंना फक्त मागच्या सीटवर बसायचं होतं. परवानग्या, नकाशे, तपासणीला येणारे अधिकारी हे सगळं त्यांनी एकटीने निभावलं. त्यात किती खेटे घातले ते त्यांनाच ठाऊक. विचारलं की म्हणायच्या, "झालं ते झालं, तू पंख धर."

आता इथे थोडं कामाचं सांगायला हवं, नाहीतर आम्ही काय वाट लावली ते कळणार नाही. माझी घसरगुंडी साच्यातून निघते. साचा गुळगुळीत म्हणून घसरगुंडीही गुळगुळीत, त्यात माझं कर्तृत्व शून्य. बाईंच्या विमानाला साचा नव्हता. हलक्या फोमला हाताने आकार द्यायचा, त्यावर काचेचं कापड रेझिनने चिकटवायचं. असं झालेलं अंग वरून गोणपाटासारखं खरखरीत असतं, आणि हवेला खरखर चालत नाही. मग ती वीण भरायची. त्यासाठी पोकळ काचकणांची एक पांढरी भुकटी मिळते, मैद्याहून हलकी. ती रेझिनमध्ये कालवून पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, आणि हाताएवढ्या लांब फळीला घासकागद लावून तो घासायचा. लावलेलं बहुतेक सगळं घासून टाकायचं असतं. राहायला हवं ते फक्त खळग्यात. वरून काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा मारून पुन्हा फळी फिरवायची. जिथे काळं राहील तिथे अजून खळगा. पुन्हा भरायचं, पुन्हा घासायचं. आणि हे करताना खालच्या कापडाला फळी लागू द्यायची नाही, कारण विमानाची ताकद त्या कापडात असते. वर जे आहे ते नुसतं वजन.

बाईंचा यावर एकच नियम होता. विमानाला गुळगुळीतपणा हवा, थर नको. नव्या आलेल्या प्रत्येकाला तो त्या पहिल्याच दिवशी सांगत. मलाही सांगितला होता. मी तो पाठ म्हणून दाखवत असे.

सुरुवातीला रविवारी सकाळी गाळ्यात जत्रा असायची. दर बॅचचे विद्यार्थी येत, वडापाव येत, जुन्या गप्पा निघत. बाई प्रत्येकाला फळी देत आणि तिरकी फिरवायला शिकवत, आधी या बाजूने, मग त्या बाजूने. पण घासण्याच्या कामाची एक गोची आहे. सकाळी पंख जसा दिसतो तसाच दुपारी दिसतो. कुठे पांढरं, कुठे राखाडी, कुठे खालचं हिरवट. दहा रविवार झाले तरी दहाव्यांदा तेच ठिगळ. मंडळी कमी होत गेली. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाची सासू आलेली. "बाई, पुढच्या जन्मी उडणार का हो हे?" अशी थट्टा व्हायची, आणि बाई म्हणायच्या, "तू फळी नीट धरलीस तर याच जन्मी." शेवटी रविवारी बाई आणि मी दोघंच उरलो. माझाही खांदा दुखायचा. मी घड्याळ बघायचो, आणि बाईंना ते दिसायचं, पण त्या कधी बोलल्या नाहीत.

बाईंच्या स्वभावाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, नाहीतर पुढे सांगायला तोंड राहणार नाही. धंद्याच्या सुरुवातीला मी मुलुंडच्या एका सोसायटीला घसरगुंड्या दिल्या होत्या. नंतर माझ्याच लक्षात आलं की, त्या खेपेचं रेझिन मी घाईत कालवलं होतं आणि कडेला चीर जाऊ शकते. अजून कुणाची तक्रार नव्हती. मी बाईंना विचारायला गेलो की, थांबून बघू का? बाई म्हणाल्या, "पोरं बसतात त्याच्यावर. चल." त्या दिवशी त्यांना ताप होता. तरी त्या माझ्याबरोबर मुलुंडला आल्या, सेक्रेटरींच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा माझा विद्यार्थी. याच्याकडून चूक झालीय आणि तो स्वतःहून सांगायला आलाय." माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत त्यांनी माझी चूकही सांगितली आणि माझी इज्जतही राखली. सेक्रेटरींनी चहा पाजला. आजही त्या सोसायटीचं काम माझ्याकडेच आहे.

तर अशा बाईंचा अमृतमहोत्सव करायचा ठरला. अरविंदराव सामंत म्हणजे आमच्या आधीच्या बॅचचे. बोरिवलीला दुकानांचे बोर्ड आणि प्रदर्शनाचे स्टॉल करण्याचा त्यांचा मोठा व्यवसाय आहे. माणूस दिलदार, उत्साही, आणि एकदा मनात घेतलं की ऐकायचं नाही असा. बाई भाचीच्या लग्नाला कुडाळला गेल्या होत्या, तेव्हा ते मुखपृष्ठाच्या फोटोसाठी विमान बघायला गाळ्यावर आले. बराच वेळ विमानाभोवती फिरले.

"सतीश, यार, हे कव्हरवर कसं टाकायचं? गोधडी वाटतेय गोधडी."

"अजून घासायचं बाकी आहे."

"किती वर्षं झाली हे ऐकतोय मी? अरे, बाई पंचाहत्तरच्या झाल्या. आपलं विमान पुरं झालेलं त्यांना एकदा बघू दे ना. परत आल्या की सरप्राइज."

त्यांच्या आवाजात खरंच माया होती, आणि मी तिथेच विरघळलो. मढला शूटिंगचे सेट उभे करणारी मंडळी त्यांच्या ओळखीची होती. प्लायवुडच्या खांबाला संगमरवर बनवतात ती. त्यांचा मुख्य कारागीर बेनेडिक्ट, हात फार सुरेख. तो आठवडाभरात विमान आरशासारखं करून देईल, असं अरविंदराव म्हणाले. मी म्हटलं, "रंग पांढराच लागतो. गडद रंग उन्हात तापतो, खालचं रेझिन मऊ पडतं." ते म्हणाले, "कव्हर पांढरं आहे रे. पांढऱ्यावर पांढरं दिसणार काय? फोटो झाला की काढून टाकू. रंगच तर आहे."

रंगच तर आहे, हे वाक्य ऐकून मी हसलो. ज्याने इतकी वर्षं बाईंच्या हाताखाली काढली, त्याने ते ऐकून शटर खाली ओढायला हवं होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं. टेम्पोतून गाड्यांना भरतात त्या लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, डबे आले, ते मी स्वतः उचलून आत नेऊन ठेवले. जड होते. हाताला सगळं कळत होतं. बेनेडिक्टच्या माणसांना एकच गोष्ट सांगितलेली होती, ती म्हणजे गुळगुळीत झालं पाहिजे, आणि ते त्यांनी चोख केलं. जिथे खळगा तिथे लांबी, लांबीवर लांबी, त्यावर प्रायमर, त्यावर मोरपंखी रंग, त्यावर चकाकी. मी रोज संध्याकाळी बघायचो आणि, लाज वाटते सांगायला, मला ते आवडत होतं. इतकी वर्षं मी जे ठिगळ घासत होतो ते अखेर दिसेनासं झालं होतं. मला वाटलं, सुटलो.

बाई परत आल्या त्या दिवशी गाळा भरून गेला. रविवारी कधी न फिरकणारे झाडून सगळे हजर होते. विमानावर चादर टाकली होती, दिवे लावले होते. बाई स्टेशनवरून थेट आल्या होत्या, हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी फणसाची साटं. अरविंदरावांनी चादर ओढली, आणि टाळ्या सुरू झाल्या.

बाईंनी चष्मा काढला नाही. डोळेही मिटले नाहीत. त्या सरळ पंखाच्या टोकाशी गेल्या, दोन बोटांनी पंख जरासा उचलून तोलला आणि खाली ठेवला. टाळ्या चालूच होत्या. गाळ्यात काय झालं ते फक्त आम्हा दोघांना कळलं. मी पायांकडे बघत राहिलो. "छान दिसतंय," बाई म्हणाल्या. फोटोग्राफरने त्यांना विमानावर हात ठेवून उभं राहायला सांगितलं. तोच फोटो कव्हरवर आहे. नीट पाहिलंत तर दिसेल की, बाईंचा हात विमानाला टेकलेला नाही, थोडा वर आहे. मग त्यांनी सगळ्यांना साटं वाटली. बेनेडिक्टला शोधून काढून त्याला म्हणाल्या, "फार सफाईदार काम आहे तुमचं." तो खूश झाला. त्याचं काम खरंच सफाईदार होतं. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं, त्याचा यात काडीचाही दोष नाही.

सगळे गेल्यावर बाई स्टुलावर बसल्या. "शटर अर्धं ओढ," म्हणाल्या. मी ओढलं.

"तुला माहीत होतं ना?"

"हो."

"मग?"

मी पुष्कळ कारणं तयार ठेवली होती. अरविंदरावांचा आग्रह, समितीचा निर्णय, फोटो. त्यातलं एकही तोंडातून निघेना. मी म्हटलं, "कंटाळा आला होता, बाई."

बाई म्हणाल्या, "मलाही येतो. बरीच वर्षं येतोय." आणि उठताना, "उद्यापासून काढायला घेऊ. मास्क आण, या लांबीची धूळ वाईट असते." एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि बाई गेल्यावर गाळ्यात बसून रडलो.

लावायला आठवडा लागला ते काढायला महिने गेले, अजून चाललंय. रंग काढायचं औषध इथे चालत नाही, ते रेझिनलाच खाऊन टाकतं. घासूनच काढावं लागतं. त्यातही ही लांबी खालच्या भुकटीच्या थरापेक्षा कडक. फळी मऊ भागाला आधी खाते आणि कडक भागावरून घसरते. जरा जोर जास्त झाला की कापडापर्यंत पोचते. त्यामुळे वीतभर जागेला अर्धी सकाळ जाते. शेपटाकडच्या हलणाऱ्या पट्ट्या तर वाचल्याच नाहीत. बिजागरीच्या मागे वजन वाढलं तर त्या हवेत फडफडून तुटू शकतात. त्या बाई नव्याने करतायत, फोम कापण्यापासून. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाल्या, "तू पंखावर राहा."

अरविंदराव पुढच्या रविवारी आले. त्यांना मी फोनवर सगळं सांगितलं होतं. दिवसभर पन्नास माणसांना हुकूम सोडणारा हा माणूस दारात चपला काढून उभा राहिला आणि त्याला बोलताच येईना. बाईंनी त्यांच्या हातात फळी दिली. "बोलू नकोस, घास. तिरकी फिरव." तेव्हापासून ते एक रविवार चुकलेले नाहीत. कोपर सुजलंय, पट्टा बांधून येतात. मुखपृष्ठ तोवर छापून झालं होतं. ते बदलून घेतो असं अरविंदराव म्हणाले, तर बाई म्हणाल्या, "राहू दे. तेवढं तरी कामाला येऊ दे." आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

गेल्या महिन्यात, पुष्कळसं घासून झाल्यावर, आम्ही विमान वजनाला लावलं. तीन चाकांखाली तीन काटे. बाई तिन्ही आकडे मोठ्याने म्हणाल्या, बेरीज तोंडीच केली आणि हसल्या.

"गंमत बघ. जास्तीचं जे उरलंय ना, ते जवळजवळ माझ्याएवढं आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. अशा विमानाला एकूण वजनाची मर्यादा असते, तीत विमान, इंधन आणि माणसं सगळी बसवावी लागतात. वैमानिक एकटे बसले तर आज विमान उडू शकतं. मागची सीट रिकामी ठेवावी लागेल. बाईंच्या विमानातून आम्ही बाईंनाच उतरवलं होतं, तेही टाळ्या वाजवून.

"दिवाळीनंतर ते वैमानिक मोकळे आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांना एकट्यांना जाऊ दे. मी खालून बघेन. खालून पण छान दिसतं." अरविंदराव म्हणाले, "बाई, तुम्ही बसल्याशिवाय ते विमान गाळ्याबाहेर जाणार नाही." बाई म्हणाल्या, "आणि मी किती वर्षं थांबू रे?" त्यांनी हे रागाने म्हटलं नव्हतं, खरोखर विचारलं होतं.

आणि मग मागच्या रविवारी जे झालं, त्यासाठी खरं तर मी हा लेख लिहायला घेतला. दुपारी आम्ही जेवायला बसलो. बाईंचा डबा नेहमी भरलेला असतो. दोन भाकऱ्या, उसळ, आणि आमच्यासाठी वेगळी सोलकढीची बाटली. त्या दिवशी त्यांनी भाकरीचा चतकोर तुकडा खाल्ला आणि डबा माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, "जेवला नाहीत तुम्ही." "झालं माझं." मी नीट बघितलं. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. पंखावर डोळे लावून बसायच्या नादात बाईंकडे मी कित्येक आठवडे बघितलंच नव्हतं.

"बाई, बरं नाही का?"

"बरं आहे की. रात्रीचं सोडलंय फक्त. दुपारचं थोडं कमी केलंय." हाताला लागलेली धूळ झटकत, भिंतीच्या रंगाबद्दल बोलावं तशा त्या बोलत होत्या. "थोडं तुम्ही घासून काढा, थोडं मी काढते. मध्ये कुठेतरी जुळेल."

अरविंदराव ताटावरून उठून बाहेर गेले. ज्या बाईंनी ताप अंगावर घेऊन माझी चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली, त्या आता आमची चूक भरून काढायला उपाशी राहत होत्या, आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून त्याबद्दल बोलतही नव्हत्या. मी त्यांना काहीतरी सुनावायला हवं होतं. पण सुनावायला माझ्याकडे तोंड नव्हतं. जे समोर बोलता आलं नाही ते इथे, तुम्हा सगळ्यांच्या साक्षीने बोलतो. छापील शब्दाला बाई मान देतात, हा माझा अनुभव आहे.

त्याआधी या ग्रंथाच्या वाचकांना, म्हणजे बाईंच्या सगळ्या विद्यार्थ्यांना एक विनंती. सोहळ्याला या, पण शाल-श्रीफळ घेऊन येऊ नका. त्याआधीच्या आणि नंतरच्या रविवारी सकाळी जोगेश्वरीला या. फळ्या मी कापून ठेवल्या आहेत, घासकागद अरविंदरावांनी आणून ठेवला आहे. खांदे दुखतील, आणि दुपारी पंख सकाळसारखाच दिसेल. हे आधीच सांगितलेलं बरं.

आणि बाई, तुम्हाला. पंचाहत्तरीच्या लेखात माणसाने शंभरीचं चिंतन करायचं असतं. ते मी करतोच, मनापासून. पण माझं मागणं त्याहून लहान आहे आणि लगेचचं आहे. तुम्ही रात्रीचं जेवा. दोन्ही भाकऱ्या खा, उसळ खा, आंबे आले की आंबे खा, डॉक्टरांनी हो म्हटलं तर तूप घाला. तुमचं जे वजन आहे ते विमानाच्या नकाशात पहिल्या दिवसापासून धरलेलं आहे, त्यातलं काहीही जास्तीचं नाही. जास्तीचं आहे ते आम्ही चढवलंय. ते आम्ही उतरवू, कापडाला धक्का न लावता, कंटाळा आला तरी. तुम्ही फक्त आहात तेवढ्याच्या तेवढ्या राहा.